कारखान्याच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र बाहेर काढताना

२०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणकीय माहितीप्रक्रियेच्या, विभागात मी सलग चार दिवस बसून होतो. काम वरकरणी छोटे होते. कारखान्याच्या ऊस-हिशेबाच्या सर्व्हरवरचे सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरचे ओळखपत्र, ज्याला आम्ही सगळे नुसतेच सर्टिफिकेट म्हणतो, ते एक्स्पोर्ट करायचे आणि पुण्यातल्या आमच्या पेमेंट सर्व्हरवर इम्पोर्ट करायचे. माझ्या वरिष्ठांनी कामाच्या यादीत त्याच्यापुढे दोन तास असे लिहिले होते. ते चार दिवस कशात गेले हे नीट लिहून ठेवावे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे, कारण हे काम करणारी मंडळी आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि पुष्कळांच्या वाट्याला हेच अडथळे जवळजवळ याच क्रमाने येतात.

या दोन सर्व्हरांमधून काय जाते ते आधी सांगतो. उसाची गाडी काट्यावर येते, तिचे भरलेले वजन होते, गव्हाणीत ऊस उतरवून ती परत आली की रिकाम्या गाडीचे वजन होते आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या नावावर चढतो. पंधरवडा भरला की या वजनपावत्यांवरून बिले निघतात, कपाती वजा होतात आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करायची असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर थकीत रकमेवर वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. त्या हंगामापर्यंत कारखान्यात हिशेबाच्या प्रणालीतून एक्सेलची फाईल काढली जाई, ती पेन ड्राइव्हवर घेऊन लेखा विभागात नेली जाई आणि तिथल्या संगणकावरून बँकेकडे चढवली जाई. या वाटेवर ती फाईल कोणालाही उघडता येत होती, आणि तिच्यातला एखादा खाते क्रमांक बदलला गेला असता तर ते ध्यानात येण्याची काहीही सोय नव्हती. ही वाट बंद करण्यासाठीच जोडणीचे काम आमच्याकडे आले होते. कारखान्यातला विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू मंजूर झालेली बिले आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवरच्या एका वेब सर्व्हिसमधून देणार, आमच्या लिनक्स सर्व्हरवरची जावा १७ मधली प्रणाली ती घेणार आणि पुढे बँकेकडे पोचवणार, अशी रचना होती. कारखाना आणि पुणे यांच्यामध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी सांकेतिक खासगी वाट, होते.

पहिल्याच चाचणीला पुण्याच्या लॉगमध्ये ती ओळ आली, जी जावावर काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते: 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड', आणि पुढे, मागितलेल्या ठिकाणापर्यंत प्रमाणपत्रांची वैध साखळी सापडली नाही, अशा अर्थाचे वाक्य. कारखान्याच्या सर्व्हरने आपले प्रमाणपत्र दाखवले होते, पण त्यावर सही करणारा जावाच्या ओळखीचा नव्हता. जावाबरोबर जगभरातल्या मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांची एक यादी येते. कारखान्याचे प्रमाणपत्र मात्र कारखान्याच्याच आतल्या सीएने, म्हणजे काही वर्षांपूर्वी एका अभियंत्याने विंडोजच्याच सोयी वापरून उभ्या केलेल्या प्रमाणन सर्व्हरने, दिलेले होते. आतल्या वापरासाठी ही पद्धत अगदी रास्त आहे. फक्त त्या सीएची ओळख समोरच्याला कोणीतरी करून द्यावी लागते, आणि एक्स्पोर्ट-इम्पोर्टचा सगळा खटाटोप त्या ओळखीसाठीच असतो.

त्याच संध्याकाळी मला फोनवर एक सल्ला मिळाला, आणि तो देणारा माणूस अनुभवी होता. "तपासणीच बंद कर. चार ओळींचा कोड आहे. व्हीपीएनच्या आतलं काम, कोण येतंय मध्ये?" हा सल्ला मी ऐकला नाही आणि कोणी ऐकू नये असे मला मनापासून वाटते. तपासणी बंद केली तरी वाहतूक सांकेतिक राहते, त्यामुळे सगळे सुरक्षित असल्याचा भास होतो, पण आपण कोणाशी बोलतो आहोत हे तपासणेच थांबलेले असते. कारखान्याच्या त्याच नेटवर्कवर काट्याचे संगणक होते, अतिथिगृहाचे वायफाय होते, कॅमेरे होते. त्यांतल्या एखाद्या यंत्राने 'मीच हिशेबाचा सर्व्हर' असे म्हणून खोट्या खाते क्रमांकांची बिले पाठवली असती, तर आमच्या प्रणालीने ती निमूटपणे घेतली असती. मग पेन ड्राइव्ह काय वाईट होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरवर बसलो. इथे एक साधी गोष्ट नवख्यांना अडवते. विंडोजमध्ये प्रमाणपत्रांची दोन दालने असतात, एक लॉगिन केलेल्या माणसाचे आणि दुसरे त्या संगणकाचे. 'सर्टएमजीआर' उघडले तर माणसाचे दालन उघडते आणि तिथे सर्व्हरचे प्रमाणपत्र सापडत नाही. 'सर्टएलएम' उघडले तर संगणकाचे दालन मिळते. त्यातल्या 'पर्सनल' या कप्प्यात मला तीन प्रमाणपत्रे दिसली आणि तिन्हींवर नाव एकच होते. एकाची मुदत संपलेली होती, एक सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेले होते आणि एक आतल्या सीएने दिलेले होते. यांतले कामावर कोणते आहे हे त्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी आयआयएसमध्ये जाऊन त्या साइटच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे पत्ता आणि प्रमाणपत्र यांची सांगड घालणाऱ्या नोंदीत, कोणते प्रमाणपत्र निवडलेले आहे ते पाहावे लागते, आणि माझ्या मते तेवढ्यानेही भागत नाही. पुण्याहून माझ्या सहकारी मैत्रिणीने ओपनएसएसएल या साधनाने त्या सर्व्हरशी थेट जोडणी करून समोरून खरोखर येते ते प्रमाणपत्र उतरवून घेतले आणि त्याचा ठसा, म्हणजे प्रमाणपत्रातल्या माहितीवरून गणिताने काढलेली छोटी खूण (थंबप्रिंट), मला पाठवला.

तो ठसा माझ्या पडद्यावरच्या ठशाशी जुळला नाही. डोळ्यांनी वाचला तर चाळीसही अक्षरे तीच होती, पण संगणकाने तुलना केली की उत्तर 'वेगळे' असे येत होते. बराच वेळ मी त्यात घालवला. शेवटी मजकुराची लांबी मोजली तेव्हा ती एकेचाळीस निघाली. विंडोजच्या त्या जुन्या चौकटीतून ठसा कॉपी केला की त्याच्या सुरुवातीला एक न दिसणारे चिन्ह चिकटून येते, लिहिण्याची दिशा डावीकडून उजवीकडे आहे असे सांगणारे. ते काढल्यावर ठसे जुळले. तेव्हापासून मी ठसा कधी कॉपी केलाच, तर पहिले अक्षर पुसून हाताने पुन्हा टाइप करतो.

आता खरी निर्यात. प्रमाणपत्रावर उजवी कळ दाबून एक्स्पोर्ट म्हटले की विंडोज पहिलाच प्रश्न असा विचारते की प्रायव्हेट की, म्हणजे खासगी किल्ली, बरोबर द्यायची आहे का. या एका प्रश्नावर थांबले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात या कामातले सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रमाणपत्र दाखवण्यासाठीच असते. सर्व्हरशी जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतेच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. खासगी किल्ली मात्र ज्या यंत्रावर जन्मली त्या यंत्राबाहेर जाता कामा नये, कारण ती ज्याच्या हाती पडली तो त्या सर्व्हरच्या नावाने उभा राहू शकतो. म्हणून उत्तर 'नको' असेच द्यायचे. मी ते दिले, पण त्याच वेळी एक गोष्ट मला खटकली. 'किल्लीही द्या' हा पर्याय तिथे निवडता येत होता. किल्ली बाहेर काढण्याची परवानगी नसलेल्या प्रमाणपत्रात तो पर्याय फिका, बंद असा दिसतो. तो उघडा आहे याचा अर्थ कोणीतरी किल्ली कधीच बाहेर काढून नेलेली असू शकते.

मी ईडीपी विभागाच्या प्रमुखांना तसे सांगितले. त्यांनी क्षणभरही टाळाटाळ केली नाही. सामायिक फोल्डरांचा शोध घेण्याची परवानगी तिथल्या तिथे दिली. दुपारी जेवणानंतर ती फाईल सापडली. 'न्यू फोल्डर २' या नावाच्या फोल्डरात, काट्याच्या जुन्या अहवालांच्या मधोमध, पीएफएक्स प्रकारची, म्हणजे प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली एकत्र असलेली, एक फाईल होती आणि तिच्या शेजारी त्याच नावाची एक मजकुराची फाईल होती, जिच्यात तिचा पासवर्ड लिहिलेला होता. फोल्डर कारखान्यातल्या प्रत्येक संगणकावरून उघडत होते. फायलीची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. ज्याने ती ठेवली त्याच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. सर्व्हर बिघडला तर परत उभा करता यावा म्हणून ठेवली असणार. पण दोन वर्षे जी किल्ली चव्हाट्यावर होती, ती आता सुरक्षित धरता येत नव्हती. ते प्रमाणपत्र रद्द करून नव्या किल्लीचे नवे प्रमाणपत्र घ्यायचे असे त्याच दिवशी ठरले.

यातून दुसरा प्रश्न आपोआप पुढे आला. प्रमाणपत्र जर बदलणारच आहे, तर पुण्याला पाठवायचे काय? याचे उत्तर मला आधीच्या एका कामाने शिकवले होते. त्या ठिकाणी मी सर्व्हरचे स्वतःचेच प्रमाणपत्र समोरच्या प्रणालीत घातले होते. काम लगेच सुरू झाले आणि पुढे वर्षभर कोणाला काही कळले नाही. मुदत संपून तिथल्या माणसांनी नेहमीप्रमाणे नवे प्रमाणपत्र बसवले, त्या रात्री मात्र सगळी जोडणी बंद पडली, आणि मला पहाटेपर्यंत ते शोधत बसावे लागले. म्हणून आता मी सर्व्हरच्या प्रमाणपत्राऐवजी त्यावर सही करणाऱ्या सीएचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे रूट, पाठवतो. तलाठी कार्यालयातला प्रत्येक सातबारा कोणी पाठ करून ठेवत नाही. सही-शिक्का ओळखीचा असला की त्याखालचा उतारा चालतो. सर्टिफिकेशन पाथ या पानावर साखळी दिसते. इथे ती दोनच कड्यांची होती, वर सीए आणि खाली सर्व्हर. मधली कडी असती तर तीही सर्व्हरने स्वतः पाठवायला हवी, आणि ती पाठवली जात नाही हे अशा अडचणींचे दुसरे नेहमीचे कारण असते.

रूट प्रमाणपत्र 'ट्रस्टेड रूट'च्या कप्प्यात असते. 'इश्यूड टू' आणि 'इश्यूड बाय' या दोन्ही ठिकाणी एकच नाव, ही त्याची खूण. ते एक्स्पोर्ट करताना बेस-६४ हा, माहिती साध्या अक्षरांत लिहिणारा, प्रकार निवडला. तयार झालेली फाईल दोन केबीपेक्षाही लहान होती. मी ती नोटपॅडमध्ये उघडून ईडीपीतल्या मंडळींना दाखवली, कारण आपण काय पाठवतो आहोत ते पाठवणाऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते. पहिल्या ओळीत पाच आडव्या रेघा, 'बिगिन सर्टिफिकेट', पुन्हा पाच रेघा. मग चौसष्ट-चौसष्ट अक्षरांच्या ओळी. आणि शेवटी 'एंड सर्टिफिकेट'. मजकुराची सुरुवात एम, आय, आय या तीन अक्षरांनी होते. या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक प्रमाणपत्राची सुरुवात तशीच असते, कारण आतल्या माहितीचे पहिले दोन बाइट 'इथून एक रचना सुरू होते आणि तिची लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे' एवढेच सांगतात आणि बेस-६४ मध्ये त्यांचे रूप असेच उमटते. हातात आलेल्या फायलीत पहिल्या ओळीत 'सर्टिफिकेट'च्या जागी 'प्रायव्हेट की' हे शब्द दिसले तर ती फाईल पाठवायची नाही, हेही मी त्यांना त्याच वेळी सांगितले.

फाईल मेलने पाठवली. मेल पोचला, पण जोड गायब होती. वाटेतल्या सुरक्षा व्यवस्थेने त्या प्रकारची फाईल काढून टाकली होती. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' लावून पाठवल्यावर ती पोचली. पण मेलने आलेली फाईल वाटेत बदललेली नाही हे कशावरून? ठसा त्याच मेलमध्ये लिहिला तर उपयोग नाही, कारण जो फाईल बदलू शकतो तो ठसाही बदलू शकतो. म्हणून ठसा वेगळ्या वाटेने, फोनवर, ओळखीच्या आवाजात जुळवायचा. विंडोजच्या चौकटीत दिसतो तो ठसा एसएचए-१ या जुन्या गणिती रीतीचा असतो. २०१७ च्या फेब्रुवारीत गूगल आणि ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था यांनी एसएचए-१ चा ठसा एकच असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फायली करून दाखवल्या, तेव्हापासून अशा कामासाठी मी एसएचए-२५६ च धरतो. तो चौसष्ट अक्षरांचा असतो.

ठसा वाचण्यासाठी ईडीपी विभागातले तात्या बसले. तात्या पूर्वी काट्यावर होते. वजन मोठ्याने सांगायचे, आकडा आकडा सुटा करून सांगायचा आणि शेवटचा दोनदा सांगायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आम्ही एकदा सांगितल्यावर त्यांनी चौसष्ट अक्षरे जोडीजोडीने वाचायला घेतली आणि पुण्याहून माझी सहकारी प्रत्येक जोडी परत म्हणणार होती. पहिल्याच जोडीला ती म्हणाली, "तात्या, माझ्याकडे हे नाही." दुसरीही जुळली नाही. सगळा ठसाच वेगळा होता.

खोलीत सगळे गप्प झाले. वाटेत फाईल बदलली गेली, असाच त्याचा सरळ अर्थ होता. मी मेलचे दोन्ही टोकांचे मजकूर ओळ ओळ करून ताडून पाहिले, तर ते तंतोतंत सारखे होते. मग कारण सापडले. सर्व्हरवर ओपनएसएसएल नव्हते, म्हणून मी विंडोजच्याच 'सर्टयूटिल'ने फायलीचा ठसा काढला होता. तो होता नोटपॅडमध्ये दिसणाऱ्या मजकुराचा ठसा, त्यातल्या रेघा आणि ओळींसकट. पुण्याला ओपनएसएसएलने काढला तो आतल्या मूळ, द्विमान रूपातल्या प्रमाणपत्राचा. दोन्ही बरोबर होते, पण दोन वेगळ्या वस्तूंचे होते. मी तेच प्रमाणपत्र डीईआर या द्विमान प्रकारात पुन्हा एक्स्पोर्ट केले, त्याचा ठसा काढला आणि तात्यांनी परत वाचायला सुरुवात केली. या वेळी प्रत्येक जोडी पलीकडून तशीच परत आली. बत्तिसावी जोडी त्यांनी दोनदा वाचली.

पुण्याच्या बाजूला कीटूल नावाचे जावाचे साधन हे प्रमाणपत्र आत घेते. आत घेण्यापूर्वी ते सगळा तपशील आणि ठसा छापते आणि विचारते, यावर विश्वास ठेवायचा का. नुसते एंटर दाबले तर ते 'नाही' असे समजते. साधन बनवणाऱ्यांनी उत्तर आधीच 'नाही' असे धरून ठेवले, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. पुष्कळ ठिकाणी मात्र प्रश्न येऊच नये अशी सोय लावून ही आज्ञा चालवली जाते आणि मग ठसा कोणी पाहतच नाही.

प्रमाणपत्र कुठे ठेवायचे यावर आमच्यात थोडा वाद झाला. जावाची स्वतःची यादी 'सीएसर्ट्स' या फायलीत असते आणि तिचा ठरलेला पासवर्ड 'चेंजइट' हा जगजाहीर आहे. तिच्यातच भर घालणे सोपे, पण जावाची नवी आवृत्ती बसवली की ती फाईलही नवी येते आणि आपली भर निघून जाते. म्हणून आम्ही वेगळी ट्रस्टस्टोअर फाईल, म्हणजे ज्यांची सही मानायची त्यांची आपली यादी, केली आणि प्रणाली सुरू करताना तिचा पत्ता दिला. कारखान्याशी जोडणी पुढे सरकली, पण त्याच क्षणी बँकेशी असलेली, कालपर्यंत नीट चालणारी चाचणीची जोडणी बंद पडली, तीही त्याच पीकेआयएक्सच्या वाक्याने. आपली यादी दिली की जावा ती तिच्या मूळ यादीच्या जागी वापरते. दोन्ही एकत्र करत नाही. आमच्या यादीत कारखान्याचा सीए एकटा होता, आणि बँकेच्या प्रमाणपत्रावर सही करणारी जागतिक संस्था तिच्यात नव्हती. शेवटी आम्ही कोडमध्ये दोन्ही जोडण्यांची व्यवस्था सुटी केली. कारखान्याशी बोलताना फक्त कारखान्याचा सीए चालेल, बँकेशी बोलताना जावाची मूळ यादी. काम वाढले, पण हेच अधिक बरोबर होते असे मला वाटते, कारण कारखान्याच्या आतल्या सीएने सही केलेल्या कशावरही बँकेच्या जोडणीत विश्वास ठेवण्याचे आम्हाला काही कारण नव्हते.

साखळी सिद्ध झाली तेव्हा पुढची तक्रार आली, नावाची. आमच्या प्रणालीत कारखान्याच्या सर्व्हरचा पत्ता म्हणून आयपी क्रमांक लिहिलेला होता, आणि प्रमाणपत्रात पर्यायी नावांचा रकानाच नव्हता. फक्त सर्व्हरचे छोटे, एका शब्दाचे नाव होते. ज्या पत्त्यावर आपण जातो तोच पत्ता प्रमाणपत्रात पर्यायी नावांच्या रकान्यात असावा लागतो. क्रोमने २०१७ मध्ये ५८ व्या आवृत्तीपासून जुन्या, कॉमन नेमच्या रकान्यावर विसंबणे सोडले. कित्येकांना नावाची ही अडचण साखळीच्या अडचणीनंतर आलेली पाहून आपण काहीतरी बिघडवले असे वाटते. तसे नसते; आधी सही तपासली जाते, मग नाव, त्यामुळे दुसरी तक्रार दिसली म्हणजे पहिली सुटली असे समजावे.

नवे प्रमाणपत्र घ्यायचेच होते, त्यात सर्व्हरचे डोमेनसकट पूर्ण नाव पर्यायी नावांत घातले आणि किल्ली बाहेर काढण्याची परवानगी दिली नाही. आयआयएसच्या बाइंडिंगमध्ये ते बसवले, पुण्याला आयपीच्या जागी पूर्ण नाव लिहिले आणि चाचणी चालवली. बिले आली. पुण्याच्या ट्रस्टस्टोअरला हातही लावावा लागला नाही, कारण तिथे रूट होते आणि नवे प्रमाणपत्र त्याच सीएच्या सहीचे होते. जुने प्रमाणपत्र सीएवर रद्द केले. जावा आपणहून रद्द प्रमाणपत्रांची यादी तपासत नाही, हे मला माहीत होते. पण उघड्यावर पडलेल्या त्या किल्लीच्या प्रमाणपत्रात छोटेच नाव होते आणि आम्ही आता पूर्ण नावाने जोडणी करत होतो, त्यामुळे ते आमच्यापुढे चालणार नव्हते. पीएफएक्स आणि तिच्या शेजारची पासवर्डाची फाईल विभागप्रमुखांनी माझ्यासमोर पुसली आणि बॅकअपमधूनही काढायला लावली.

एक बारीक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. नवे प्रमाणपत्र दोन वर्षांचे, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असायला हवे होते, पण त्यावर मे २०२४ ची तारीख होती. विंडोजचा सीए स्वतःच्या मुदतीपलीकडची तारीख कोणालाही देत नाही, आणि इथला सीए मे २०१९ मध्ये नेहमीच्या पाच वर्षांच्या मुदतीने उभा केलेला होता. म्हणजे मे २०२४ मध्ये रूटच बदलणार होते. मी ही तारीख ईडीपीच्या नोंदवहीत, काट्याच्या पडताळणीच्या तारखेखाली, लाल शाईने लिहून ठेवली.

चौथा दिवस बँकेचा. बँकेची जोडणी दुतर्फी होती; बँक आपले प्रमाणपत्र दाखवणार आणि आम्हीही आमचे दाखवायचे. बँकेच्या तांत्रिक विभागातून मेल आला: "कृपया तुमची पीएफएक्स फाईल पासवर्डसह पाठवावी." मी फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याला दिलेल्या नमुन्यात तसेच लिहिलेले होते. मी त्याला म्हणालो, "सर, अंगठ्याचा ठसा आम्ही देऊ, अंगठा देता येणार नाही." त्याने वरिष्ठांना विचारले आणि तासाभराने सीएसआर चालेल असा निरोप आला. मग आमच्याच सर्व्हरवर २०४८ बिटांची किल्ली तयार केली, तिच्यावरून प्रमाणपत्राचा अर्ज, म्हणजे सीएसआर, काढला, बँकेने त्यावर सही करून प्रमाणपत्र परत पाठवले आणि ते त्याच किल्लीच्या नावाखाली कीस्टोअरमध्ये बसवले. कीस्टोअर आणि ट्रस्टस्टोअर या दोहोंची गल्लत फार होते: पहिल्यात आपली किल्ली आणि आपले ओळखपत्र, दुसऱ्यात आपण कोणाकोणाची सही मानतो त्यांची यादी. पहिली फाईल प्रणाली चालवणाऱ्या खात्याशिवाय कोणालाही वाचता येणार नाही अशी परवानगी लावली आणि मी रात्रीच्या एसटीने निघालो.

नोव्हेंबरात पहिल्या पंधरवड्याची बिले चौदा दिवसांच्या आत, पेन ड्राइव्हशिवाय गेली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, मुदतीच्या महिनाभर आधी, लाल शाईची ती नोंद पाहून विभागप्रमुखांचाच फोन आला. त्यांनी सीएचे नूतनीकरण नव्या किल्लीसह करून घेतले होते आणि नवे रूट प्रमाणपत्र पाठवले होते. या वेळी मी पुण्याला बसलो होतो. जुने रूट तसेच ठेवून नवे त्याच्या शेजारी घालायचे, मग कारखान्याने सर्व्हरवर नव्या सहीचे प्रमाणपत्र बसवायचे आणि सगळे स्थिर झाल्यावर जुने काढायचे, असा क्रम आम्ही ठरवला. ठसा वाचायला पलीकडे तात्याच होते. डीईआर फाईल त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. बत्तिसाव्या जोडीपाशी ते थांबले आणि ती दोनदा वाचली, मी ती परत म्हटली आणि कीटूलच्या प्रश्नाला 'येस' लिहून एंटर दाबले.